रोजचे १४२

कोलकात्यात मी निबंध वाचला तेव्हा सभागृहात दीडेकशे ग्रंथपाल असतील. देशभरातल्या ग्रंथपालांचं तीन दिवसांचं अधिवेशन होतं आणि पहिल्याच दिवशी दुपारच्या सत्रात माझं नाव होतं. विषय होता तालुक्याच्या गावातला वाचक. बारा मिनिटं दिली होती, मी अकरा मिनिटांत संपवलं. मध्ये कुठेतरी मी म्हणाले, "आमच्या ग्रंथालयात रोजची सरासरी देवघेव १४२ पुस्तकांची आहे." तेवढ्या एका वाक्यावर टाळ्या पडल्या.

ते वाक्य खोटं होतं.

खरा आकडा तीसच्या आसपास आहे. बाजाराच्या दिवशी चाळीसवर जातो, पेरणीच्या दिवसांत पंधरावर येतो. १४२ हा आकडा आमच्या देवघेव नोंदवहीतून काढलेला होता, आणि ती नोंदवही मी आणि आमचे शिपाईकाका दर वर्षी तपासणीच्या आधी कित्येक रात्री बसून भरत आलो आहोत. सभासद क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक, दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख. एका बैठकीत लिहिल्यासारखं दिसू नये म्हणून दोन वेगवेगळ्या शाईची पेनं. काका तारखेचा शिक्का मागे मागे फिरवत नेतात आणि पुस्तकांच्या शेवटच्या पानावरच्या तारीख-चिठ्ठ्यांवर उठवतात. मी सभासदांच्या यादीवर बोट ठेवत क्रमांक सांगते. एका वर्षी सभासद क्रमांक ३१२ सांगितला आणि काका थांबले. म्हणाले, "बाई, गुरुजी गेले की." गुरुजींना जाऊन तेव्हा दीड वर्ष होत आलं होतं, आणि आमच्या वहीत ते दर आठवड्याला येऊन एक चरित्र आणि एक प्रवासवर्णन घेऊन जात होते. मी म्हणाले, "असू द्या, आता खाडाखोड नको."

हे पहिल्यांदाच लिहिते आहे.

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगावच्या ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळू लागलं. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. वर्ग टिकवायचा तर पुस्तकं, नियतकालिकं, सभासद, उघडं ठेवण्याचे तास हे सगळं कागदावर नीट हवं, आणि तपासणीला आलेल्या माणसाने देवघेवीची वही उघडली तर ती ओस दिसता कामा नये. वर्ग खाली आला की अनुदान खाली येतं. त्या अनुदानातूनच माझं मानधन निघतं आणि काकांचा पगारही. दोन्ही रकमा सांगण्यासारख्या नाहीत, पण काकांचं घर त्यावर चालतं. म्हणून मी बावीस वर्षं मनाला एकच गोष्ट सांगत आले, की हे मी संस्था जगवण्यासाठी करते. संस्था जगली तर वाचक येईल. त्यात मानधनापलीकडे एक रुपयासुद्धा माझ्या खिशात जात नाही. हा शेवटचा मुद्दा खरा आहे, आणि तो खरा असल्यामुळेच बाकीचं सगळं मला इतकी वर्षं खपवून घेता आलं.

कोलकात्यात हे समर्थन माझ्या हातातून निसटलं. ते एका माणसामुळे.

निबंध संपल्यावर चहाच्या वेळी एक वयस्क गृहस्थ माझ्याजवळ आले. गळ्यात मफलर, खांद्याला कापडी पिशवी. बंगालमधल्याच एका लहान गावाच्या ग्रंथालयात काम करतात असं त्यांनी सांगितलं. हिंदी अडखळत बोलत होते, पण प्रश्न अगदी नेमका होता. "दीदी, तुम्ही आणि एक शिपाई, एवढी दोनच माणसं. मग १४२ पुस्तकं देता कशी? रांग लागत असेल. कपाटातून काढतं कोण, लिहितं कोण?" त्यांना शंका नव्हती, त्यांना शिकायचं होतं. मी काहीतरी बोलले, सकाळ-संध्याकाळ अशा दोन वेळा उघडतो वगैरे. त्यांनी पिशवीतून छोटी वही काढली आणि त्यात १४२ लिहिलं. त्याखाली आमच्या गावाचं नाव मला विचारून, अक्षर अक्षर जुळवून लिहिलं. मग म्हणाले, "आमच्याकडे वीस-बावीस होतात. मला वाटायचं, लोकांची वाचनाची आवडच गेली. आज कळलं, मीच कुठेतरी कमी पडतो आहे."

ते नमस्कार करून गेले. माझ्या हातातला चहा तसाच होता.

त्या रात्री उतरलो होतो त्या खोलीत शेजारच्या दोघीजणी लवकर झोपल्या. मी जागी होते. ज्या खोट्याचं कारण मी अनुदान म्हणून सांगत आले, ते खोटं मी अशा ठिकाणी बोलले होते जिथे अनुदान देणारं कोणी नव्हतं. तपासणी नव्हती, निरीक्षक नव्हता, वर्ग जाण्याची भीती नव्हती. 'रोज तीस' म्हटलं असतं तर कोणी जाब विचारला नसता. उलट त्या सभागृहात बसलेल्यांपैकी निम्म्यांचा आकडा तेवढाच असणार, कदाचित त्यांना बोलायला जागा मिळाली असती. तरी मी १४२ म्हणाले, कारण मला टाळ्या हव्या होत्या. मग घरी जे करते ते तरी नक्की कशासाठी करते? काकांच्या पगारासाठी, की 'बाईंचं ग्रंथालय तालुक्यात एक नंबर' हे ऐकण्यासाठी? दोन्ही असेल. पण दुसरं कारण आहे हे मी स्वतःशीही कधी कबूल केलं नव्हतं.

उद्घाटनाच्या भाषणात सकाळी एका वक्त्यांनी रवींद्रनाथांची आठवण काढली होती. १९२८ सालच्या डिसेंबरात याच शहरात अखिल भारतीय ग्रंथालय परिषद भरली, तिच्या स्वागत समितीचे अध्यक्ष रवींद्रनाथ होते. ग्रंथालयाचा मोठेपणा पुस्तकांच्या संख्येवर मोजू नये, तिथे वाचकाचं आतिथ्य कसं होतं त्यावर मोजावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. मी ते टिपूनही घेतलं होतं. आणि दुपारी उभी राहून संख्या सांगितली.

दुसऱ्या दिवशी संयोजकांना 'बरं वाटत नाही' असं सांगून मी सत्रं चुकवली. तेही खोटंच. पण त्या सभागृहात बसवेना.

कोलकाता मला नवं. मेट्रोने महात्मा गांधी रोड स्टेशनला उतरले आणि विचारत विचारत कॉलेज स्ट्रीटवर आले. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकानं आहेत हे आपल्याला माहीत असतं, पण हा सबंध रस्ताच पुस्तकांचा आहे. प्रेसिडेन्सी, कलकत्ता विद्यापीठ, संस्कृत कॉलेज या जुन्या संस्थांच्या कुंपणांना पाठ टेकून लाकडी-पत्र्याच्या टपऱ्या, आणि त्यांत जमिनीपासून छपरापर्यंत पुस्तकं. माणूस बसतो तेवढीच जागा मोकळी. तिथले लोक या भागाला 'बोईपाडा' म्हणतात, म्हणजे पुस्तकांचा पाडा. मला बंगाली लिपी वाचता येत नाही. बावीस वर्षं पुस्तकांत काढलेली बाई हजारो पुस्तकांपुढे उभी होती आणि तिला एकाही कण्यावरचं नाव वाचता येत नव्हतं. आमच्याकडे अक्षर न येणारी माणसं नातवाला घेऊन दारापर्यंत येतात आणि दारातच थांबतात. ती का थांबतात, ते तिथे उभं राहिल्यावर मला कळलं.

एका टपरीपुढे मी बराच वेळ उभी राहिले. चाळिशीतला विक्रेता होता. कॉलेजच्या मुली येत, नाव सांगत, आणि त्याचा हात मागे न बघता नेमक्या गठ्ठ्यावर जाई. एक मुलगी आली, तिला हवं होतं ते नव्हतं. त्याने मान हलवली, आणि ती गेल्यावर खालून एक शाळेची वही काढून त्यात एक ओळ लिहिली. थोड्या वेळाने दुसऱ्या एकाला नाही म्हणाला, पुन्हा वही काढली. मला राहवेना. विचारलं, ही उधारीची वही का? तो म्हणाला, नाही, जे देता आलं नाही त्याची. रात्री बघतो, सकाळी दुकान लावायच्या आधी ती पुस्तकं शोधायला जातो. विकलेल्याचा हिशेब तो ठेवत नव्हता, तो गल्ल्यात कळतोच म्हणाला.

मी ती वही हातात घेऊन पाहिली. अक्षर कळत नव्हतं, पण कळायची गरज नव्हती. काही ओळींवर रेघ मारलेली होती, काहींवर नव्हती. एका ओळीपुढे चार उभ्या काड्या होत्या, म्हणजे तेच पुस्तक चौघांनी मागितलं होतं.

मागणीची वही आमच्या ग्रंथालयातही आहे. टेबलाच्या उजव्या खणात असते. तिच्यातली शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची आहे. पोलीस भरतीचं नवं पुस्तक मागायला मुलं येतात, बचत गटाच्या बायका शेळीपालनाचं विचारतात, नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या मुली विचारतात, आणि मी 'नाही' म्हणून मोकळी होते. ते 'नाही' मी कुठेच लिहीत नाही. जी देवघेव झाली नाही ती मी रात्र-रात्र जागून लिहिली, आणि जो माणूस खरोखर दारात येऊन रिकाम्या हाताने गेला त्याची माझ्याकडे एका ओळीचीसुद्धा नोंद नाही.

विक्रेत्याने मातीच्या भांड्यातला चहा मागवला. कुठून आलात, त्याने विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, "बर्गी!" मनात काही न ठेवता म्हणाला, पण मी दचकले. बर्गी म्हणजे आपले बारगीर. १७४२ पासून दहाएक वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. आपण शाळेत त्या चौथाईच्या आणि पराक्रमाच्या म्हणून शिकलो. इथे शहराभोवती लोकांनी खंदक खणायला घेतला होता, मराठ्यांच्या भीतीने. गंगाराम नावाच्या कवीने बंगालीत एक काव्य लिहिलं, त्याचं नावच 'महाराष्ट्रपुराण', आणि त्यात आपल्या माणसांनी केलेली लूट आणि जाळपोळ आहे. बाळाला झोपवताना म्हणायचं एक बर्गींचं गाणं त्या विक्रेत्याला त्याच्या आजीकडून येत होतं. मला वाटलं, आपणही तिकडची वही आपल्या सोयीने भरली आहे. त्या विक्रेत्याला मी म्हणाले, "ते खरं आहे." तो म्हणाला, "अहो, गंमत केली." पण मला त्या दिवशी कोणालातरी 'ते खरं आहे' असं म्हणायचं होतं.

दुपारी अलीपूरला राष्ट्रीय ग्रंथालयात गेले. बेल्व्हेडिअरची ती वास्तू एके काळी बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांचं निवासस्थान होती. १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना आझादांनी ग्रंथालय तिथे लोकांना खुलं केलं. १९५४ च्या कायद्यानुसार देशातल्या प्रत्येक प्रकाशकाने आपल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत स्वखर्चाने इथे पाठवायची असते. तेव्हा पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात, नागपुरात छापलेली मराठी पुस्तकं हजार-दोन हजार किलोमीटर प्रवास करून हुगळीच्या काठी येऊन राहतात. तिथे मराठी विभागही आहे. हे मला परीक्षेसाठी पाठ होतं, प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं.

ओळखपत्र दाखवलं, नोंद केली, आणि चिठ्ठी भरून एक कादंबरी मागितली. १९५८ साली छापलेली, लेखकाचं नाव आता कोणाला आठवणार नाही. मी लहानपणी आजोळी माळ्यावर ती अर्धी वाचली होती, पुढची पानं उंदरांनी नेली होती. शेवट काय होतो ते मला आयुष्यभर कळलं नव्हतं. बराच वेळ वाट पाहिली. चिठ्ठी देऊन बाकावर बसून राहायचं, आतली पुस्तकं आपल्याला दिसत नाहीत, हे मी दुसऱ्या बाजूने रोज करवून घेते, पण स्वतः कधी बसले नव्हते.

पुस्तक आलं. कापडी बांधणी अगदी कोरी. उघडलं तर पृष्ठ ९७ च्या पुढे दोन पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली होती. छापखान्यात कापायची राहून गेलेली. पुढे आणखी एका ठिकाणी तसंच. म्हणजे १९५८ पासून आजवर ही कादंबरी इथे कोणीच शेवटपर्यंत वाचलेली नव्हती. मी तिथल्या बाईंना दाखवलं. त्यांनी पातळ सुरी आणून हलक्या हाताने कड सोडवली, काही न बोलता पुस्तक परत माझ्यापुढे ठेवलं आणि गेल्या.

मी शेवट वाचला. तो काही विशेष नव्हता. पण जोडलेली पानं डोळ्यांपुढून हलेनात. राष्ट्रीय ग्रंथालयाचं काम जपण्याचं आहे. वाचक पन्नास वर्षांनी आला तरी प्रत असली पाहिजे, हेच त्याचं व्रत. माझं ग्रंथालय तसं नाही. माझी सगळी कपाटं कुलपात आहेत, किल्ल्यांचा जुडगा माझ्या पर्समध्ये असतो. "कुठलं पुस्तक हवं ते सांग, मी काढून देते," हे माझं रोजचं वाक्य. मागे एक आठवी-नववीतली मुलगी आली होती. ती म्हणाली, "मला बघून ठरवायचंय." मी म्हणाले, "यादी बघ." तिने यादीची चार पानं उलटली, यादीवरून तिला काय कळणार होतं? ती पुन्हा आली नाही. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं लिहिली. त्यातलं पहिलंच, पुस्तकं वापरासाठी आहेत, मी फ्रेम करून टेबलामागे लावलं आहे. त्याच भिंतीला कुलूपबंद कपाटं आहेत. लोक वाचत नाहीत असं मी निबंधात लिहिलं नव्हतं, पण गावात सगळ्यांना तेच सांगत आले होते. तीस हा आकडा माझ्या गावाने ठरवला की माझ्या कुलपांनी, हे मी कधी तपासलंच नाही. खोटे १४२ लिहिल्यावर खऱ्या तीसचं कारण शोधायची गरजच उरत नाही. त्या वहीने सरकारला किती फसवलं कोण जाणे, मला मात्र तिने पुरतं फसवलं.

कोलकात्याजवळच्या श्रीरामपूरला जायचं राहून गेलं. विल्यम कॅरीने १८०५ साली मराठीचं व्याकरण तिथे छापलं, वैजनाथ पंडितांच्या मदतीने, आणि १८१० मध्ये मोडी खिळ्यांनी कोश. हावड्याहून लोकलने जाता येतं. वेळ होता, पण त्या दिवशी आणखी काही बघण्याची ताकद उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ते मफलरवाले गृहस्थ जेवणाच्या रांगेत दिसले. माझ्यापुढे सात-आठ माणसं सोडून. त्यांनी मागे वळून पाहिलं, हात वर केला. मीही केला. जवळ जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. ताट घेतलं आणि मी दुसऱ्या बाजूच्या टेबलावर जाऊन बसले, आमच्याकडच्या बायका होत्या तिथे. हे सगळ्यांत वाईट झालं. निबंधातलं खोटं सवयीने बोलून गेले असं म्हणता येईल. हे मात्र मी पूर्ण जागेपणी केलं. गाडीत बसल्यावर पहिल्या दिवशी दिलेल्या यादीत त्यांचा पत्ता सापडला. पत्र गाडीतच लिहिलं, साध्या हिंदीत. आमची देवघेव रोज तीस आहे, १४२ हा आकडा खरा नव्हता, तुम्ही कमी पडत नाही. एवढंच. टपालात टाकायला मात्र अकरा दिवस लागले. उत्तर आलेलं नाही.

गावी आल्यावर दोन कपाटांची कुलपं काढली, एक मुलांचं आणि एक स्पर्धा परीक्षांचं. महिना झाला. दोन पुस्तकं दिसत नाहीत. उजव्या खणातली मागणीची वही टेबलावर आणून ठेवली आहे. 'नाही' म्हटलं की लिहिते. तीन आठवड्यांत चाळीस ओळी झाल्या, त्यातल्या सहा पोलीस भरतीच्या. संस्थेच्या कार्यवाहांशी अजून बोललेले नाही. त्यांना सांगायचं म्हणजे मागच्या सगळ्या वर्षांचं सांगायचं, आणि त्याचे परिणाम माझ्या एकटीवर होणार नाहीत. बोलेन असं इथे लिहिणं सोपं आहे. अजून बोललेले नाही, हे खरं.

काकांशी मात्र बोलले. शनिवारी संध्याकाळी दार लोटून घेतलं आणि सांगितलं, काका, या वर्षी रात्री बसायचं नाही. जेवढी पुस्तकं गेली तेवढीच लिहायची. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वर्ग गेला तर?" मी म्हणाले, "जाईल कदाचित." ते म्हणाले, "माझ्या पगाराचं?" मला उत्तर देता आलं नाही. खोटा दिलासा तोंडावर आला होता, तो गिळला. त्यांनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. मग टेबलाशी येऊन तारखेचा शिक्का उचलला. मी कोलकात्याला असताना दोन-तीन जुन्या चिठ्ठ्यांवर उठवला असावा, त्यावर मागच्या ऑगस्टची तारीख होती. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी अंगठ्याने आधी महिना फिरवला, मग दिवस, रद्दी कागदावर एकदा उठवून पाहिला आणि कागद माझ्यापुढे धरून विचारलं, "आज किती, एकोणीस ना?"